हापसन साहेबाच्या बाटलीचा तपास

माझं नाक पाहिल्यावर लोकांना आधी हसू येतं. येऊ द्या. मोठमोठ्यांना आलेलं आहे. पण हे नाक ज्याच्या तोंडावर आहे तो सूर्यकांत, म्हणजे मी, हा निजाम सरकारच्या मुलखातला एकमेव मराठी गुप्तहेर आहे, असं कळलं की ते हसू मावळतं. निदान मावळायला हवं. माझी नजर करडी आहे, चाल मांजराची आहे, आणि बुद्धीबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी बोलत नाही, तेव्हा मलाच बोलावं लागतं.

दिवसा मी हिंगोली स्टेशनच्या करोडगिरी नाक्यावर कारकून असतो. बाहेरून येणाऱ्या मालावर सरकारची जकात बसते, म्हणून लोकांची गाठोडी सोडून बघणं हे माझं काम. एकदा एका बाईच्या गाठोड्यात अफू आहे असं मी नुसत्या वासावरून सांगितलं होतं. निघालं कुळथाचं पीठ. पण ती बाई ते अगदी अफूसारखं छातीशी धरून बसली होती, ही गोष्ट कोणी लक्षातच घेत नाही.

माझा मदतनीस सटवाजी. नाक्यावरचा चपराशी, वयानं माझ्याहून थोरला. माणूस इमानी, पण भलत्या वेळी खरं बोलण्याची त्याला खोड आहे. ती मोडायचा मी खूप प्रयत्न केला.

आता प्रकरण सांगतो.

जुन्या छावणीच्या मैदानावर दर शुक्रवारी, कचेऱ्यांना सुट्टी म्हणून, आमचा मित्र क्लब क्रिकेट खेळायचा. मी स्वतः खेळत नसे. खेळलं की माणसाचा तटस्थपणा जातो. मी सल्लागार होतो. सिकंदराबादेत मी गोऱ्यांची एक मॅच पाहिली होती. कुंपणाच्या फटीतून पाहिली, पण फट मोक्याची होती. बाकीच्यांना नियम असे येतच नव्हते. तार मास्तर आउट झाले तरी "आणखी एक टाका हो" म्हणत तिथंच उभे राहायचे, आणि टाकणारा बिचारा टाकायचा. चेंडू नेमका हलवायाच्या परातीत पडला तर खेळ थांबवून सगळे जिलेबी खायचे. ही माणसं इतकी खूष असायची की बघून मला फार त्रास व्हायचा. येत नाही तर आनंद कसला होतो यांना?

हा नाद त्यांना लावला हापसन साहेबानं. रेल्वेच्या पुलांवर देखरेख करणारा हा लालबुंद म्हातारा आता नोकरी संपवून विलायतेला निघाला होता. जाण्याआधी शेवटची मॅच शिरड शहापूरच्या मंडळींशी ठरली, आणि साहेबानं क्लबाला एक बाटली भेट दिली. विलायती वाईन, लाल, द्राक्षाची. वर द्राक्षाच्या घडाचं चित्र.

"मॅच के बाद सब मिलके पीना," साहेब म्हणाला. "थोडा थोडा. मैं भी आऊंगा."

वाईनमधलं ज्ञान हिंगोलीत फक्त मलाच होतं. नाक्यावर पकडलेल्या बाटल्यांची बुचं मी हुंगलेली आहेत. मी तिथल्या तिथं सगळ्यांना समजावून सांगितलं, की वाईन आधी नाकानं प्यायची असते, मग डोळ्यांनी, आणि तोंडाची पाळी अगदी शेवटी येते. तार मास्तर म्हणाले, "मग पोटापर्यंत पोचते की नाही?" असल्या माणसांपुढं बोलून काय उपयोग?

प्रश्न पडला, बाटली ठेवायची कोणी? ज्याच्या घरी ठेवू तो पिणार, अशी प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल खात्री. शेवटी ती राधाकृष्ण मास्तरच्या गळ्यात पडली. हा शाळामास्तर म्हणजे चहासुद्धा फुंकून फुंकून पिणारा, वर पाणी पिऊन क्षमा मागणारा गडी. त्यानं बाटली धोतराच्या सोग्यात लपवून घरी नेली आणि माजघरातल्या फडताळात, जुन्या समयांच्या मागं दडवली. शुक्रवारला पाच दिवस उरले तेव्हा बघतो तर समया होत्या, बाटली नव्हती.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सूर्यकांतराव, मी मेलो. गावभर झालं, मास्तर चोरून पितो म्हणून. अंबादासरावांच्या कानावर गेलं."

अंबादासराव वकील म्हणजे त्याचे होणारे सासरे. त्यांच्या पद्मजेशी त्याचा साखरपुडा झालेला. पोरगी याला मनापासून आवडायची. नुसतं नाव घेतलं तरी याचे कान लाल व्हायचे.

"काय म्हणाले वकील?"

"म्हणाले, शुक्रवारी मैदानावर साहेबासमोर बाटलीचा हिशेब द्या. न्हाई दिला तर पिणाऱ्या पोराला मी पोरगी देत न्हाई, बराबर चारचौघांत सांगतो." त्यानं माझा हात धरला. "आणि एक गोष्ट. आत्याला यातलं एक अक्षर कळता कामा नये. घरात दारू आली होती एवढं जरी कळलं ना, तर ती अन्न सोडेल."

द्वारकाबाई त्याची आत्या. आईमागं हिनंच त्याला वाढवला. सोवळं असं कडक, की शेजारी कांदा चिरला तर हिच्या घरी अंगण धुतलं जायचं.

"म्हणजे चोरी ज्या घरात झाली त्या घरच्या माणसाला काहीच विचारायचं नाही?" मी म्हणालो.

"नाही."

"उत्तम! सामान्य हेर आधी घरच्यांना विचारतात. म्हणून तर ते सामान्य राहतात."

"पण विचारलं तर लवकर कळंल ना साहेब," सटवाजी म्हणाला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

दुपारी आम्ही उंदरांची पाहणी करायच्या बहाण्यानं मास्तरच्या घरी गेलो. प्लेगच्या दिवसांपासून उंदीर म्हटलं की कोणीही दार उघडतं. माजघरात बायका वाती वळत बसल्या होत्या आणि हसत होत्या. हसत म्हणजे किती? वकिलांच्या मातोश्री नीलाबाई द्वारकाबाईंच्या गुडघ्यावर थापा मारत होत्या. या दोघींचं एका लोणच्याच्या बरणीवरून बिनसलेलं. सोयरीक जमली तरी एकमेकींशी मधे कोणाला तरी घालून बोलायच्या. पण बायकांचं हसणं तपासाला बाधक असतं, म्हणून मी ते मनावेगळं केलं आणि फडताळाकडे वळलो.

फडताळाच्या काठावर हळदीचा ठसा होता. बोटाचा!

"सटवाजी," मी कुजबुजलो, "हळद! म्हणजे शेतकरी. म्हणजे शिरड शहापूर. त्यांचा कप्तान सोनाजी परवा बाजाराला हळद घेऊन आला होता. मास्तरकडे पाणी प्यायला थांबला होता. आमच्या संघाचा धीर खचावा म्हणून त्यानं बाटली लांबवली."

"साहेब, स्वैपाकघर शेजारीच हाय. हळद तर माझ्या बी बोटाला हाय. तुमच्या बी हाय."

मी बोट बघितलं. होती. मी ते धोतराला पुसलं आणि पुढं सरकलो. खिडकीत हिरवट रंगाची, लांब मानेची एक बाटली होती. मी झडप घातली आणि हुंगली. घासलेट. वाईनला घासलेटचा वास येत नाही, हे कोणीही जाणकार सांगेल. तेव्हा ती बाटली मी तपासातून वगळली.

"साहेब, पर बाटली नवी कोरी दिसून राहिली."

"आपण बाटली शोधत नाही सटवाजी, वाईन शोधतोय."

तेवढ्यात द्वारकाबाईंची नजर माझ्यावर पडली. "काय रे सूर्यकांता, उंदरांमागं फिरून तूच वाळून चालला की! काहून असा खप्पड झालास? बस इथं. शक्तीचं औषध घे."

त्यांनी लोणच्याच्या बरणीतून पळीभर औषध वाटीत घातलं, तेवढंच पाणी ओतलं आणि माझ्या हातात दिलं. द्राक्षासव, रंगावरूनच ओळखलं. मी ते जिभेवर घोळवलं. "यात मनुका कमी पडल्यात," मी मत दिलं, "आणि गूळ जुना आहे. वैद्य नवशिका दिसतो."

"आणखी देऊ?"

"द्या."

सटवाजीनंही घेतलं. घेतल्यावर तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"काय रे?"

"काई न्हाई साहेब. औषध चांगलं हाय."

त्या दिवसापासून सटवाजीला दुपार झाली की मास्तरच्या घरचे उंदीर आठवू लागले. मी मात्र माग सोडला नाही. थोडं रेल्वेनं, बरंचसं बैलगाडीनं मी एकटाच शिरड शहापूर गाठलं.

गावाबाहेरच्या पडीक रानात सोनाजीचा संघ सराव करत होता. सराव कसला, नुसता धिंगाणा. चेंडू चिंध्यांचा. बॅट म्हणजे मोडक्या औताचं लाकूड. फलंदाजाची आई बांधावरून "जेवाया ये रं" म्हणून ओरडली की तो आउट. मी दम देऊन सोनाजीला बाजूला घेतलं.

"साहेबाची वाईन कुठंय?"

"कंची?"

"लाल. द्राक्षाची."

सोनाजी इतका हसला की त्याचा फेटा सुटला. "अवो साहेब, आमच्या शिवारात शिंदीची झाडं काय कमी हायेत व्हय? आमाला तुमचं विलायती पाणी काहून लागतंय? आन् प्यायचीच असंल तर चोरून कोण पेतं? दोस्त नसतील तर चव काय लागंल तिला?"

"हा कबुलीजबाब समजू का?"

"समजा. पर आदी तकडं हुबं ऱ्हावा. आमचा एक गडी जेवाया गेलाय."

तपासाच्या सोयीसाठी मी त्यांच्यात मिसळून उभा राहिलो. चेंडू दोनदा माझ्या अंगावरून गेला, एकदा नाकावर आला, आणि शेवटी कसा कोण जाणे पण माझ्या हातात येऊन बसला. सगळा गाव माझ्या नावानं ओरडला. सोनाजीनं मला उचललं. मला आनंद झाला होता हे मी नाकबूल करतो. माझे डोळे नाकाच्या मारामुळं पाणावले होते.

परतताना मी सोनाजीला निर्दोष ठरवला. इतकी चांगली माणसं चोरी करत नाहीत. आणि शिवाय त्यांनी मला पुन्हा बोलावलं होतं.

मग उरलं कोण? खुद्द वकील! मी अंबादासरावांवर पाळत ठेवली आणि जे पाहिलं त्यानं माझी खात्री पटली. हा मनुष्य पोटाच्या विकारानं गांजलेला, कोर्टात न्यायमूर्तीसुद्धा त्याच्या आंबट चेहऱ्याला भ्यायचे. आणि आता? जेवण झालं की ओसरीवर सुपारी कातरत अभंग गुणगुणायचा! गालांवर लाली! त्यांच्या घरासमोर मी एरंडाआड दबा धरून बसलो होतो तेव्हा तर त्यांनी गल्लीतल्या कुत्र्याला "या, बसा" म्हटलं. लग्न मोडण्याचा बेत सफल होत असल्याचा आनंद तो! बाटली यानंच लंपास केली, मास्तरवर बालंट आणलं, आता पोरीला कुठल्या तरी बड्या घरी देणार. सगळं चपखल बसलं.

"साहेब," सटवाजी काकुळतीला येऊन म्हणाला, "मैदानावर तुमी कायबी बोलू नका. माझं ऐका."

"का?"

"बोलू नका म्हंजी बोलू नका."

ज्याला बुद्धी नाही त्याला भीती फार असते.

शुक्रवार आला. मैदानावर सगळं गाव लोटलं. कडुनिंबाखाली खुर्च्यांवर हापसन साहेब आणि अंबादासराव. साहेब खुशीत होता. वकिलांनी मात्र चेहरा मुद्दाम कडक करून ठेवला होता. राधाकृष्ण मास्तर फलंदाजीला गेला तो फाशी जाणाऱ्यासारखा पाय ओढत. पहिलाच चेंडू त्याच्या पोटरीवर बसला आणि तो खाली बसला. सोनाजी धावत आला, "लागलं का मास्तर? ह्यो चेंडू धरायचा न्हाई आपुन," म्हणाला.

मध्यंतरात वकील उठले. "राधाकृष्ण, बाटली कुठाय?"

मास्तर बॅटच्या टोकानं माती उकरू लागला. लांब बायकांच्या बाजूला पद्मजा होती. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं. मला गलबलून आलं. पण माझी वेळ आली होती. मी खुर्चीवर चढलो.

"मंडळी! गुन्हेगार आपल्यातच आहे. त्याच्या गालांवर लाली आहे! तो कुत्र्यांना अहोजाहो करतो!"

"सूर्यकांता, खाली उतर, पडशील," मागून आवाज आला. द्वारकाबाई होत्या. गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्यामागून आलेल्या. मॅच बघायला इतक्या बायका कधी आल्या नव्हत्या. पण त्या आठवड्यात सगळ्यांच्याच अंगात जोर आला होता. द्वारकाबाईंच्या कडेवर लोणच्याची बरणी, हातात पळी.

"पोराला लागलं म्हणून सटवाजी सांगत आला," त्या म्हणाल्या. "ये रे राधाकृष्णा. शक्ती नाही अंगात, म्हणून पडतोस. तूच आणलेलं औषध आहे, तूच घेत नाहीस."

"मी... आणलेलं?"

"मग काय!" द्वारकाबाई सगळ्यांकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "लेकराचा स्वभाव बघा. मला थकवा येऊन राहिला होता. कोणाला न सांगता यानं द्राक्षासव आणून फडताळात ठेवलं. बाटलीवर द्राक्षाचा घड, आपल्या वैद्याच्या बाटलीवर असतो ना, तसाच. डाट निघेना, बत्त्यानं आत लोटला. इतकं चांगलं औषध एकटीनं काहून घ्यायचं? रोज दुपारी सगळ्या मिळून घेतो. पळीभर औषध, पळीभर पाणी. बाटली चांगली मजबूत होती, तिच्यात घासलेट भरून ठेवलं."

साहेबानं पुढं होऊन बरणीत डोकावलं आणि डोळे मिटून वास घेतला. पाणी घातल्याचं ऐकून त्याच्या चेहऱ्यावर एक कळ उमटली खरी, पण ती लगेच गेली.

"माँजी," तो हळूच म्हणाला, "ये दवा से क्या फायदा हुआ?"

"काय झालं नाही ते विचारा! झोप लागते. गुडघे हलके झाले. आणि ही नीलाबाई," त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं, "हिच्याशी मी बोलत नव्हते. आता दुपार झाली की हिच्याविना करमत नाही."

"तर काय!" नीलाबाई म्हणाल्या. "आमच्या अंबादासाला बी देते मी. रोज जेवल्यावर वाटीत. पोट कसं साफ राहतंय त्याचं! आता गाणी म्हणून राहिलाय."

सगळ्या गावाची मान एकदम वकिलांकडे वळली. अंबादासरावांनी आधी आईकडे बघितलं, मग बरणीकडे, मग साहेबाकडे. त्यांच्या गालांवरची लाली आणखी वाढली.

मला एका क्षणात सगळं लख्ख दिसलं! प्रकरण उलगडलं होतं, आणि अर्थातच मीच उलगडलं होतं. मी खुर्चीवर ताठ उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "मंडळी, हे औषध नसून ही..."

पुढचा शब्द आलाच नाही. सटवाजीनं माझ्या तोंडात अख्खा पेरू कोंबला होता. साधा नव्हे, मुठीएवढा टणक पेरू. मी तो चावेपर्यंत साहेब द्वारकाबाईंसमोर टोपी काढून वाकला.

"बहुत उमदा दवा है माँजी. मैं तीस बरस ऐसे ही पी रहा हूँ. मगर अकेला."

राधाकृष्णाला रडू आणि हसू एकदम आलं. तो आत्याच्या पायाशी वाकला. मी पेरूतून त्याच्याकडे बघितलं. पोरगं सुटलं होतं; मग मी पेरू सावकाश खाल्ला.

"अंबादासा," द्वारकाबाई म्हणाल्या, "काही ऐकू येऊन राहिलंय मला. तू लग्न मोडून राहिलास म्हणे? काहून? आमच्याकडून काही चुकलं का?"

वकील कोर्टात कधी अडखळले नव्हते. इथं अडखळले. "कोण म्हणतं? छे! गैरसमज झालाय कोणाचा तरी. लग्न ठरल्या दिवशीच होईल."

"मग चेहरा असा काहून उतरला? अशक्तपणा आहे. हात पुढं कर."

सगळं गाव बघत होतं. द्वारकाबाईंनी बरणीतली शेवटची पळी भरली. वाटी घरी राहिली होती, म्हणून त्यांनी ती सरळ वकिलांच्या ओंजळीत ओतली. अंबादासरावांनी इकडंतिकडं पाहिलं, डोळे मिटले, आणि साहेबासमोर, सोनाजीसमोर, अख्ख्या हिंगोलीसमोर ती प्यायली. आणि मग, जन्माची सवय, ओला हात डोक्यावरून फिरवला.